मोबाइलची बॅटरी: रोजच्या चार्जिंगपासून फुगलेली बॅटरी टाकून देण्यापर्यंत

फोनची बॅटरी लवकर उतरू लागली की बहुतेक घरांत दोनच उपाय होतात. एक तर फोन पूर्ण बंद पडेपर्यंत वापरून मग रात्रभर चार्जिंगला लावला जातो, नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळेल तो चार्जर आणला जातो. पहिल्या उपायाने बॅटरी आणखी झिजते आणि दुसऱ्याने घरात नवा धोका येतो. बॅटरी पूर्ण उतरवण्याची सवय निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे, आणि ‘नवा फोन पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हा सल्लाही तेव्हाचाच. आजच्या फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीला यातले काहीही लागत नाही.

या बॅटरीला मुख्यतः तीन गोष्टी झिजवतात: उष्णता, पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहणे आणि पूर्ण रिकाम्या अवस्थेत पडून राहणे. यांतल्या पहिल्या दोन एकत्र आल्या, म्हणजे शंभर टक्के भरलेला फोन तासन्‌तास गरम राहिला, की झीज सर्वांत जास्त होते. दिवसातून किती वेळा चार्जर लावला याची चिंता लोक फार करतात. त्याला त्या मानाने महत्त्व कमी आहे.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. ज्या फोनची बॅटरी आधीच फुगली आहे त्यात ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावण्यात अर्थ नाही, आणि भिंतीवरचा बोर्डच ढिला असेल तर फोनमधली कोणतीही सेटिंग ठिणगी थांबवू शकत नाही.

## टप्पा १: आधी फोन तपासा

फोन बंद करावा, कव्हर काढावे आणि दिवसाउजेडी तो टेबलावर ठेवावा. मुलांच्या कंपासपेटीतली सरळ पट्टी उभ्या कडेवर धरून आधी स्क्रीनवर आणि मग मागच्या झाकणावर आडवी टेकवावी. मागच्या बाजूला कॅमेऱ्याचा उंचवटा टाळून पट्टी ठेवावी. ती दोन्ही टोकांना टेकत नसेल आणि मधल्या भागावर झुलत असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजावे. त्यानंतर चारही कडांवरून नख फिरवावे. स्क्रीन आणि चौकट यांच्यामध्ये एखाद्याच बाजूला फट लागली, किंवा तिथून स्क्रीनचा उजेड बाहेर पडताना दिसला, तरी निष्कर्ष तोच.

माझ्या आईच्या फोनची स्क्रीन एका कडेला जराशी वर आली होती. ‘ग्लास सुटली आहे’ असे म्हणून ती रोज अंगठ्याने ती कड दाबून बसवत असे, आणि दाबूनही बसेना तेव्हा तिने त्यावर भाजीच्या जुडीचा रबर चढवला. जाडजूड पाकीटवजा कव्हरामुळे आम्हा कोणाच्याच ते लक्षात आले नाही. कव्हर काढून पट्टी ठेवली तेव्हा कळले की रोज अंगठ्याखाली दाबली जात होती ती फुगलेली बॅटरी होती.

फुगवटा नसेल तर बॅटरीची उरलेली क्षमता पाहावी. आयफोनमध्ये ती सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या भागात टक्क्यांत दिसते. अँड्रॉइडच्या काही नव्या फोनांतही ती सोय आली आहे. फोन वीस-तीस टक्के दाखवत असतानाच एकदम बंद पडणे ही बॅटरी थकल्याची दुसरी खूण. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या फोनांची बॅटरी ५०० आवर्तनांनंतर (एकूण शंभर टक्के बॅटरी वापरली की एक आवर्तन) आणि आयफोन १५ पासूनच्या फोनांची १००० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी रचना आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांसाठी ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के ही अट घातली आहे. आवर्तन म्हणजे चार्जर लावण्याची एक वेळ नव्हे. आज साठ टक्के आणि उद्या चाळीस टक्के वापरले तर दोन दिवसांचे मिळून एक आवर्तन होते, मग चार्जर चार वेळा लावलेला का असेना.

तपासणी: क्षमतेचा आकडा सुरक्षिततेबद्दल काही सांगत नाही. नव्वद टक्के क्षमता दाखवणारी बॅटरी फुगलेली असू शकते आणि पंच्याहत्तर टक्केवाली सपाट आणि निर्धोक असू शकते. पट्टीची तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करावी.

इशारा: फुगवटा दिसला तर फोन पुन्हा चार्जिंगला लावू नये आणि मधले टप्पे सोडून थेट टप्पा ६ वाचावा.

## टप्पा २: चार्जर, केबल आणि बोर्ड

भिंतीत खोचतो त्या ठोकळ्याला आपण चार्जर म्हणतो, पण बॅटरीत किती प्रवाह सोडायचा हे ठरवणारा खरा चार्जर फोनच्या आत असतो. बाहेरच्या अडॅप्टरचे काम २३० व्होल्टची घरगुती वीज ५, ९ किंवा अशाच लहान दाबावर उतरवण्याचे आणि त्या २३० व्होल्टना आपल्या हातापासून दूर ठेवण्याचे असते. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्हींबाबत गैरसमज आहेत.

पहिली अशी की, चांगल्या बनावटीचा जास्त वॅटचा अडॅप्टर लहान फोनला लावल्याने बॅटरी ‘जळत’ नाही. लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाइप-सी अडॅप्टर १८ वॅटच्या फोनला लावला तर फोन आपल्याला झेपेल तेवढेच मागतो. एका कंपनीचा वेगवान चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला अनेकदा सावकाश चार्ज करतो, तेही याच कारणाने: दोघांची बोली जुळत नाही, म्हणून फोन साध्या गतीवर समाधान मानतो.

दुसरी अशी की, डुप्लिकेट चार्जरचा मुख्य धोका बॅटरीपेक्षा माणसाला असतो. आतल्या उच्च दाबाच्या आणि कमी दाबाच्या भागांमध्ये जे अंतर आणि जे रोधन ठेवावे लागते, नेमकी त्यातच तिथे काटकसर केलेली असते. ते रोधन फुटले की घरची वीज केबलमधून फोनपर्यंत आणि फोनमधून कानापर्यंत येऊ शकते.

खरेदीच्या वेळी हे क्रमाने पाहावे:

1. अडॅप्टरवरचा बारीक मजकूर वाचावा. भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह, लागू मानकाचा आयएस क्रमांक आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकडे असलेला नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे.
2. तो ‘आर’ क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकून पाहावा. उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार हातातल्या नगाशी जुळला पाहिजे. दुसऱ्याच वस्तूचा क्रमांक छापून चालवण्याचे प्रकार असतात, त्यामुळे क्रमांक नुसता अस्तित्वात असणे पुरेसे नाही.
3. केबल मानेजवळ वाकवून पाहावी. जुन्या केबलला तिथे चिकटपट्टी गुंडाळलेली असेल किंवा पिन काळी पडली असेल, तर ती कापून टाकावी. नुसती बाजूला ठेवली तर कोणीतरी पुन्हा वापरतेच.
4. केबल फोनमध्ये सैल बसत असेल तर आधी फोनचे तोंड पाहावे. शर्टाच्या खिशातला कापसासारखा कचरा तिथे दाबून बसतो. फोन बंद करून दात कोरायच्या लाकडी काडीने तो हलकेच काढावा. टाचणी किंवा सुई घालू नये.

यानंतर बोर्ड. अडॅप्टर खोचल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली झुकत असेल, हलवल्यावर चर्रर्र आवाज येत असेल किंवा भोकांभोवती तपकिरी डाग असेल, तर तो सॉकेट वीजतंत्रीकडून बदलून घ्यावा. फोनच्या चार्जिंगला तसा फार कमी प्रवाह लागतो, पण ढिल्या सॉकेटमध्ये ठिणग्या उडण्यासाठी तोही पुरतो. जिथे बोर्डाजवळ टेकू नाही तिथे केबलवर फोन लोंबकळत ठेवण्याऐवजी भिंतीला लहानसा कोनाडा किंवा फळी करून घेणे स्वस्त पडते.

पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. भारनियमनाच्या गावांत वीज परत येताना दाब वरखाली होतो, म्हणून वीज गेली की बटण बंद करावे आणि आल्यानंतर पाचेक मिनिटांनी सुरू करावे.

तपासणी: पंधरा मिनिटे चार्जिंग झाल्यावर अडॅप्टरला हात लावून पाहावा. कोमट असणे ठीक. मुठीत धरवत नसेल, वास येत असेल किंवा केबलची पिन तेवढीच तापली असेल, तर तो जोड वापरातून काढावा.

## टप्पा ३: सेटिंग एकदाच लावा

आयफोन १५ आणि त्यानंतरच्या फोनांत, सॅमसंगच्या अनेक फोनांत आणि इतरही काही कंपन्यांच्या फोनांत चार्जिंग ऐंशी टक्क्यांना थांबवण्याची सोय आहे. ती बॅटरीच्या सेटिंगमध्ये सापडते. ज्यांचा दिवस ऐंशी टक्क्यांत निघतो त्यांनी ती चालू करून विसरून जावे. कारण साधे आहे. रिकाम्या होत आलेल्या बॅटरीच्या पेशीचा दाब ३ ते ३.५ व्होल्टच्या आसपास असतो, पूर्ण भरल्यावर तो ४.२ आणि आजच्या बऱ्याच फोनांत ४.४ व्होल्टच्या पुढे जातो. त्या वरच्या दाबाला आतला द्रव हळूहळू विघटित होतो, आणि बॅटरी गरम असेल तर अधिक वेगाने.

ज्यांना दिवसभर फिरतीचे काम आहे, पेट्रोल पंपापासून गोदामापर्यंत कुठे बटण मिळेल याचा भरवसा नाही, त्यांनी खुशाल शंभर टक्के भरावी. भरून लगेच वापरायला घेतली तर तोटा नगण्य आहे. तोटा होतो तो भरून ठेवून देण्यात. मर्यादा लावलेली असतानाही फोन कधीतरी आपण होऊन शंभरपर्यंत जातो, कारण टक्क्यांचा अंदाज बरोबर ठेवण्यासाठी त्याला वरचे टोक पाहावे लागते. तो बिघाड नव्हे.

बॅटरी वाचवण्याचा दावा करणारी वेगळी ॲप काढून टाकावीत. घाटात किंवा खेड्यात रेंज येत-जात असेल तेव्हा फोन टॉवर शोधण्यात बॅटरी संपवतो. अशा प्रवासात विमान मोड लावणे या सर्व ॲपांपेक्षा उपयोगी पडते.

## टप्पा ४: रोजचे चार्जिंग

1. जाड किंवा पाकिटासारखे कव्हर काढावे. पातळ कव्हराने फोन तापत नसेल तर राहू द्यावे.
2. फोन फरशी, ओट्यापासून दूर असलेले लाकडी टेबल किंवा कडाप्प्याची फळी अशा कठीण जागेवर ठेवावा. गादी, गोधडी, सोफा आणि उशी या जागा नकोत, कारण कापूस फोनची उष्णता धरून ठेवतो आणि वेळ आलीच तर तोच पेट घेतो.
3. हात कोरडे करून आधी अडॅप्टर बोर्डात खोचावा, मग केबल फोनला लावावी आणि शेवटी बटण सुरू करावे.
4. वीस-तीस टक्क्यांच्या आसपास चार्जिंगला लावून ऐंशीच्या आसपास काढावा. हे आकडे घड्याळ लावून पाळण्याचे नाहीत. पंधरावर लावला आणि नव्वदवर काढला तरी काही बिघडत नाही. एक टक्क्यापर्यंत ताणण्याची सवय मात्र सोडावी.
5. चार्जिंग चालू असताना गेम, व्हिडिओ कॉल आणि लांबलचक बोलणे टाळावे. एकीकडे बॅटरी भरते आहे आणि दुसरीकडे स्क्रीन, प्रोसेसर व रेडिओ पूर्ण जोरात चालले आहेत, अशा वेळी दोन्ही उष्णता एकाच पातळ डबीत साठतात. लहान मुलांच्या हातात चार्जिंगला लावलेला फोन देऊ नये. केबल तोंडात घालण्याचा आणि खराब अडॅप्टरचा धोका त्यांना अधिक असतो.

पहिले पन्नास-साठ टक्के भराभर होतात आणि शेवटचे वीस रेंगाळतात, तेव्हा चार्जर खराब झाल्याची शंका घेतली जाते. स्थानकात लागलेल्या रिकाम्या एसटीत चढणारे पहिले वीस प्रवासी क्षणात बसतात. शेवटच्या पाच जणांना मागेपुढे पाहून जागा शोधावी लागते. बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांत लिथियमचे आयन असेच शिरतात, आणि गर्दी झाली की फोन मुद्दाम प्रवाह कमी करतो. थंडीत हे शिरणे आणखी अवघड होते. शून्य अंशाखाली चार्जिंग केल्यास लिथियम थरांत न शिरता त्यांच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते, आणि हे नुकसान भरून येत नाही. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी आणि कॅनडासारख्या देशांत राहणाऱ्यांनी बाहेरून आणलेला गार फोन खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जिंगला लावावा.

रात्रीच्या चार्जिंगबद्दल स्पष्ट सांगायचे तर, धड असलेला फोन रात्रभर लावल्याने ‘ओव्हरचार्ज’ होत नाही, कारण बॅटरी भरल्यावर फोन प्रवाह थांबवतो. आक्षेपाची कारणे दोन आहेत: बॅटरी पाच-सहा तास पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहते, आणि काही बिघडलेच तर पाहायला कोणी जागे नसते. ऐंशीची मर्यादा लावली असेल, अडॅप्टर टप्पा २ मधून पार पडला असेल आणि फोन फरशीवर असेल, तर रात्री लावण्यास हरकत नाही. यातले एक जरी नसेल तर संध्याकाळी घरी आल्यावर किंवा सकाळी आंघोळ-चहाच्या वेळात चार्जिंग उरकावे.

इशारा: उशीखाली फोन ठेवून चार्जिंग करणे कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही.

## टप्पा ५: उष्णता

ॲपल आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरण्यास सांगते आणि बंद फोन ठेवण्यासाठी ४५ अंशांची वरची मर्यादा देते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीतले तापमानच ही दुसरी मर्यादा गाठते, मग उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डची गोष्ट बोलायलाच नको. सर्वांत वाईट अवस्था मोटारसायकलच्या हँडलवर दिसते: थेट ऊन, पूर्ण प्रकाशात नकाशा, चालू जीपीएस आणि जोडीला हँडलवरच्या सॉकेटमधून चार्जिंग. उन्हाळ्यात नकाशा आवाजावर ऐकावा, फोन पिशवीत ठेवावा आणि चार्जिंग गाडी थांबवल्यावर सावलीत करावे.

घरातल्या धोक्याच्या जागाही ठरलेल्या आहेत: गॅसच्या शेगडीलगतचा ओटा, फ्रिजच्या मागच्या तापणाऱ्या बाजूचा कोपरा, खिडकीतले दुपारचे ऊन आणि देवघरात समईशेजारी भजने लावून ठेवलेला फोन.

फोन तापला तर आधी केबल काढावी, मग कव्हर, मग तो सावलीत फरशीवर पंख्याखाली ठेवावा. शहाबादी फरशी हे काम उत्तम करते. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नये. आत दव धरते आणि पाण्याचा नवा प्रश्न उभा राहतो. वायरलेस चार्जरवर फोन जरा सरकलेला असला तरी बरीच ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून तो मध्यावर ठेवावा आणि कव्हरात खोचलेले एटीएम कार्ड किंवा नाणे आधी काढावे.

## टप्पा ६: फुगलेली, आपटलेली, भिजलेली बॅटरी

५००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, बॅटरीची क्षमता मोजण्याचे एकक) बॅटरीत साधारण १९ वॅट-तास विद्युत ऊर्जा असते. एक पेलाभर म्हणजे २०० मिलीलिटर पाणी उकळायला ती पुरते. आतला ज्वलनशील द्रव पेटला तर त्याची उष्णता वेगळी. एवढी ऊर्जा काही सेकंदांत बाहेर पडते तेव्हा काय होते याचा अंदाज ठेवून पुढच्या सूचना वाचाव्यात.

फुगली असेल तर:

1. केबल काढावी आणि फोन बंद करावा. ‘आधी फोटो दुसरीकडे उतरवून घेतो, मग बंद करतो’ असे करत चार्जिंग वाढवू नये. जेवढी बॅटरी शिल्लक आहे तेवढ्यात होईल ते करावे.
2. फुगवटा दाबू नये, टोचू नये, झाकण उघडू नये. आत साठलेला वायू ज्वलनशील असतो आणि टोचल्याने थर एकमेकांना भिडून आतच शॉर्ट होतो. ‘सुईने हवा काढली की बसते’ हा सल्ला देणारे दुकानदार अजूनही आहेत. तिथून फोन उचलून निघावे.
3. फोन स्टीलच्या पातेल्यात किंवा मातीच्या कुंडीत ठेवून गॅलरीसारख्या उघड्या, सावलीच्या जागी ठेवावा. भोवती कपडे, रद्दी किंवा सिलिंडर नको. भांड्यावर घट्ट झाकण लावू नये, कारण वायूला बाहेर पडायला वाट हवी.
4. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात न्यावा. खिशातून नेऊ नये आणि कुरिअरने पाठवू नये.

आपटली असेल तर: कोपऱ्याला खोक पडली किंवा चौकट वाकली असल्यास दिवसभर लक्ष ठेवावे. काही चालू नसताना फोन गरम लागणे, किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येणे ही गळतीची खूण आहे. अशा फोनला फुगलेल्या बॅटरीप्रमाणेच वागवावे.

भिजली असेल तर: फोन बंद करावा, कोरड्या कापडाने पुसावा, चार्जिंगचे तोंड खाली धरून हलकेच झटकावा आणि वाहत्या हवेत चोवीस तास ठेवावा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फायदा होत नाही, उलट पीठ आणि कण तोंडात शिरतात. हेअर ड्रायर लावू नये. पडद्यावर ओलाव्याची सूचना येत असताना ती मोडून चार्जिंग करणे म्हणजे ओल्या पिनांतून प्रवाह सोडणे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यात पडलेला फोन वरून कोरडा दिसला तरी आत मीठ राहते आणि गंज चढत जातो. तो उघडून साफ करून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

फुसफुस, धूर किंवा ज्वाळा असतील तर: माणसांना खोलीबाहेर काढावे. केबल जोडलेली असेल तर फोनजवळ न जाता मेन स्विच किंवा एमसीबी खाली पाडावा. धूर हुंगू नये, त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. वीज तुटल्याची खात्री झाल्यावर आग लहान असेल तर दुरून भरपूर पाणी टाकावे. वाळू ज्वाळा दाबते, पण बॅटरी थंड करत नाही, आणि गरम राहिलेली बॅटरी थोड्या वेळाने पुन्हा पेटते. आग फोनबाहेर पसरली असेल तर दार ओढून घेऊन बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

इशारा: पेटलेला फोन हातात घेऊन बाहेर फेकायला धावू नये. भाजण्याच्या जखमा बहुधा याच धावपळीत होतात.

## टप्पा ७: बॅटरी बदलणे

अधिकृत सेवा केंद्रात खर्च जास्त येतो, पण बॅटरीचा उगम कळतो. तिथे जाणे शक्य नसेल आणि ओळखीच्या दुकानातून बदलून घ्यायची असेल, तर समोर बसून करून घ्यावी.

फोन उघडण्याआधी नवी बॅटरी हातात घेऊन वाचावी. तिच्यावर फोनच्या मॉडेलशी जुळणारा क्रमांक, व्होल्ट, ‘आर’ क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते. जुनी बॅटरी बाहेर आली की दोघींवरचा व्होल्टचा आकडा ताडून पाहावा. तो जुळला नाही तर काम तिथेच थांबवावे. मला एका दुकानात दाखवलेल्या बॅटरीवर एका लेबलवर दुसरे लेबल होते. वरचे नखाने सोलले तेव्हा खालची तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली. न वापरताही बॅटरी कपाटात म्हातारी होते. त्याच आकारात ‘जास्त एमएएच’ देणाऱ्या बॅटरीवरही विश्वास ठेवू नये. तेवढ्या जागेत तेवढेच द्रव्य मावते.

काम चालू असताना कारागिराने आधी बॅटरीची जोडणी सोडवली पाहिजे, मग बाकीचे भाग. जुनी बॅटरी प्लास्टिकच्या पट्टीने आणि चिकट फीत ओढून काढली पाहिजे. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटणे हे तिथल्या तिथे आग लावण्याचे साधन आहे. काढलेले स्क्रू एकाच वाटीत टाकले जात असतील तर टोकावे. काही लांब, काही आखूड असतात, आणि आखूडाच्या जागी लांब बसवला तर तो आतल्या सर्किटला कायमची इजा करू शकतो.

तपासणी: पहिला आठवडा फोन जागेपणीच चार्ज करावा आणि रोज पट्टीची तपासणी करावी. एकदा उघडलेला फोन पूर्वीसारखा पाणीरोधक राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

## टप्पा ८: पडून राहणारा फोन, पॉवर बँक आणि विमान

जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर बॅटरी पन्नास टक्क्यांच्या आसपास आणून, बंद करून, गार आणि कोरड्या जागी ठेवावा. दर सहा महिन्यांनी तपासून पुन्हा पन्नासवर आणावा. रिकामा ठेवलेला फोन वर्षभराने सुरू होत नाही तेव्हा दोष बहुधा या खोल उतरण्याचा असतो. जुना फोन पाळत कॅमेरा किंवा भजनाचा रेडिओ म्हणून चोवीस तास चार्जरला जोडून ठेवण्याचा प्रकार वाढला आहे. फुगलेल्या बॅटऱ्यांचा हा एक हमखास उगम आहे. तसे करायचेच असेल तर प्लगला टायमर लावून दिवसातून दोन-तीन तासच वीज द्यावी.

पॉवर बँकही याच जातीची वस्तू आहे आणि तिलाही टप्पा १ ची पट्टी लागू आहे. विमानात ती चेक-इनच्या सामानात ठेवता येत नाही, जवळच्या पिशवीतच न्यावी लागते, आणि १०० वॅट-तासांपर्यंतची साधारणपणे विनापरवानगी चालते. एमएएचच्या आकड्याला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले तर २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास होतात, तर २७,००० एमएएच मर्यादेला टेकतात. लेबल पुसले गेलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते.

## टप्पा ९: टाकून देणे

लिथियम बॅटरी ओल्या किंवा सुक्या कोणत्याच कचऱ्यात टाकू नये. घंटागाडीतला कचरा पुढे यंत्राने दाबला जातो, आणि दाबली गेलेली बॅटरी सगळी गाडी पेटवू शकते. भंगारवाल्याला सुटी बॅटरी देऊ नये, कारण तांबे आणि ॲल्युमिनियम काढण्यासाठी ती बहुधा हातोड्याने फोडली जाते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रात ती देण्यास संकोच वाटायचे कारण नाही.

नेण्याआधी फोनमधली माहिती काढून घेऊन तो पूर्वस्थितीत आणावा. बॅटरी फुगलेली असेल तर या कामासाठी फोन सुरू करू नये आणि माहितीचे काय करायचे ते सेवा केंद्रातच विचारावे. सुट्या बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, प्रत्येक बॅटरी वेगळ्या कागदी पाकिटात घालावी आणि फुगलेली असल्यास पाकिटावर तसे मोठ्या अक्षरांत लिहून ते घेणाऱ्याच्या हातातच द्यावे. काउंटरवर ठेवून निघून येऊ नये.